छडी, चावी, कार्ड आणि माटोळी : मुलांच्या शोधखेळांचे तुमचे अनुभव

मे महिन्यात मुंबईहून भाची आली होती, नऊ वर्षांची. मंगेशीला जाऊन झालं, कोलव्याच्या वाळूत लोळून झालं. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "मामी, गोव्यात क्वेस्ट नाही?" मला वाटलं हा काहीतरी खायचा प्रकार असेल, म्हणून म्हटलं, पणजीत मिळत असेल.

मग तिनेच मला शिकवलं. वर्गातली एक मुलगी ओरलँडोला जाऊन आली होती आणि तेव्हापासून वर्गात दुसरा विषय नव्हता. क्वेस्ट म्हणजे पाळणा किंवा घसरगुंडी नाही. मुलाच्या हातात छडी, कार्ड नाहीतर मनगटावर पट्टा असतो आणि सगळा पार्क त्याने धुंडाळायचा असतो. योग्य जागी योग्य गोष्ट केली की पेटी उघडते, चित्र बोलायला लागतं आणि पुढचा धागा हाती येतो. छडीचा 'मॅजिक्वेस्ट' हा खेळ २००५ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला सुरू झाला. मोठ्या पार्कांनीही पुढे आपापले खेळ काढले.

तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी असं काही खेळलं असेल तर लिहा. परदेशातलंच पाहिजे असं नाही. अट एकच: कोडं शेवटी कोणी सोडवलं, मुलाने की बापाने, हे खरं सांगायचं.

वास्कोचा तारवटी

बावीस वर्षं शिपार, म्हणजे जहाजावर, काढली. २०१४ मध्ये कंत्राट संपलं तेव्हा बोट फ्लोरिडात पोर्ट कॅनाव्हेरलला होती. बायको आणि दोन मुलं तिथेच आली. ओरलँडो तिथून तासाभराच्या अंतरावर. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात.

तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमध्ये शिरल्या शिरल्या मेन स्ट्रीटवर अग्निशमन दलाचं घर आहे. तिथे तेव्हा जादूची पाच कार्डं मिळायची, तीही फुकट. शिपवर एकेक डॉलर मोजणारा माणूस मी, दोनदा विचारून खात्री केली. नकाशावर खुणा असायच्या. त्या जागी जाऊन आपलं किल्लीचं कार्ड टेकवलं की साध्या दुकानाच्या खिडकीत पडदा उजळायचा. मर्लिन जादूगार सांगायचा, अमुक दुष्ट आला आहे, जादू टाका. मग हातातलं कार्ड खिडकीसमोर धरायचं.

मुलाचं इंग्रजी जेमतेम. मर्लिन बोलला की ताई त्याला कोंकणीत सांगायची आणि तो कार्ड निवडायचा. एका खिडकीपाशी आमच्या पुढे दहा-बारा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा होता, हातात कार्डांची अख्खी वही. आमच्या बाबाने, म्हणजे मुलाने, त्याला आपलं दुबार कार्ड दाखवलं. त्याने वही उघडली, बोटाने एक दाखवलं. बाबाने मान हलवली. त्याने पान उलटलं. बाबाने परत मान हलवली! सात वर्षांचं पोर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस करावी तसं उभं. तिसऱ्या पानावर सौदा झाला. एक शब्द कोणी बोललं नाही.

तो खेळ २०२१ च्या जानेवारीत बंद झाला. कार्डं आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत, मुलगा अजून कोणाला हात लावू देत नाही. कोडी मुलीने सोडवली. मी सावलीत बसून पाय चोळत होतो.

म्हापसा, पेशाने इलेक्ट्रॉनिक्सवाला

तुमच्या भाचीला सांगा, छडीत जादू नाही, मणी आहे. आम्ही २०१८ मध्ये ओरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कला गेलो तेव्हा हॅरी पॉटरच्या गल्लीत घेतलेली छडी मी हॉटेलवर आल्यावर नीट बघितली. बॅटरी नाही, तार नाही. टोकाला परावर्तक मणी. खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश येतो, मण्यावरून आल्या वाटेने परत जातो आणि आतला कॅमेरा त्या एका ठिपक्याची वाट टिपतो. रात्री हायवेवर गाडीच्या दिव्यात रस्त्यातले खिळे चमकतात, त्यातलाच प्रकार. २०१४ मध्ये या छड्या आल्या. बिनमण्याच्या साध्या छड्याही त्याच दुकानात मिळतात, तेव्हा घेताना खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा.

जमिनीत पितळी चकती बसवलेली असते. कुठे उभं राहायचं आणि हवेत कोणता आकार काढायचा ते तिच्यावर कोरलेलं असतं. आमचा आठ वर्षांचा चिरंजीव पहिल्या चकतीवर उभा राहिला आणि शिगम्यातल्या रोमटात (मिरवणुकीत) ध्वज फिरवावा तशी छडी फिरवायला लागला. काही होईना. मी मागून "डावीकडे, डावीकडे". बायको वेगळंच सांगतेय. तेवढ्यात झगा घातलेली एक कर्मचारी बाई आली, गुडघ्यावर बसली आणि त्याचं कोपर आपल्या हाताने त्याच्या बरगडीला टेकवून धरलं. हलवायचं ते फक्त मनगट, एवढाच आकार. वाटीएवढा. दुसऱ्या खेपेला खिडकीतली वस्तू हलली.

पुढच्या प्रत्येक खिडकीपाशी त्याने आधी आम्हा दोघांना दहा पावलं मागे उभं केलं. त्यामुळे कोडं कोणी सोडवलं याचं उत्तर मला वेगळं द्यायला नको.

पेडणे

भाऊ ओसाकात नोकरीला असतो. गेल्या वर्षी आई-बाबांना आणि आमच्या दोघांना घेऊन गेलो. तिथल्या युनिव्हर्सलमध्ये मारिओचा भाग आहे, २०२१ च्या मार्चमध्ये उघडलेला. मनगटाला पट्टा बांधायचा (तो वेगळा विकत घ्यावा लागतो), फोनवरच्या ॲपशी जोडायचा आणि दिसेल त्या ठोकळ्याला खालून हात मारायचा. टिंग, नाणं जमा. शिवाय चाव्यांचे खेळ आहेत. तीन चाव्या मिळवल्या की शेवटच्या लढाईला आत सोडतात. तिथे आपली सावलीच पडद्यावर लढते, उड्या मारायच्या, हात उगारायचे.

एक पट्टा जास्तीचा होता, तो आमच्या बाबांना बांधला. वय ६८, जन्मभर बागायत केलेली, पहाटे चारला गजराशिवाय उठणारा माणूस. एका खेळात मांसाहारी झाड झोपलेलं असतं आणि भोवती गजराची घड्याळं एकामागून एक वाजायला लागतात. झाड जागं व्हायच्या आत सगळी थोपटून बंद करायची. बाबा एका टोकाला, नात दुसऱ्या टोकाला. "आगे, तें थंय वाजता मगे, धांव!" भोवतीच्या जपानी बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या. पहिल्यांदा झाड उठलं. बाबांनी पंचाला पुसावा तसा हात पॅंटला पुसला आणि परत रांगेत जाऊन उभे राहिले.

चार वेळा. चौथ्या वेळी चावी मिळाली. भाषेचं विचाराल तर सूचना जपानीत होत्या, अडलं कुठेच नाही. परतीच्या विमानात पट्टा हातातच होता, मोपाला उतरल्यावर काढला.

मडगाव

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू. पार्कचं नाव घेत नाही. दोन मुलांना दोन छड्या घेतल्या, त्यात दिवसाच्या जेवणाचं बजेट संपलं. तिसऱ्या टप्प्यावर एक छडी गप्प झाली. बदलून घ्यायला गेलो तर रांग, मग दुसऱ्या काउंटरवर जा, तिथेही रांग. धाकटा रडतोय, थोरला आपली छडी द्यायला तयार नाही, आणि खेळाचं शेवटचं दार नेमकं खेळण्यांच्या दुकानात उघडतं. हा योगायोग नसतो हो. तेव्हापासून आमच्या घरात "क्वेस्टला चल" म्हणजे "खिसा रिकामा कर".

वास्को, आई

मडगावचं म्हणणं पटतं. पण माझ्या मुलासारखी मुलंही असतात. त्याला उंचीची भीती, मोठ्या आवाजाचा त्रास. पार्कात गेलो की आम्ही बाकावर, बाकीचं गाव रोलर कोस्टरवर. नणंद अमेरिकेत असते, ती आम्हाला ग्रेट वुल्फ लॉजला घेऊन गेली. तिथे मॅजिक्वेस्ट हॉटेलच्या आतच असतं, मजल्यांवर आणि जिन्यांत पसरलेलं. उंचीची अट नाही, पट्टे बांधून बसणं नाही, आपल्या चालीने हिंडायचं.

पहिला अर्धा तास तो माझा हात सोडेना. मग एका पेटीकडे छडी हलवली, झाकण उघडलं, आत उजेड. त्याने झाकण पडू दिलं, परत उघडलं. मोजून अकरा वेळा. पुढच्या कोड्याकडे जायची त्याला काहीच घाई नव्हती आणि मागून कोणी ढकलत नव्हतं. प्रत्येक छडीला स्वतःचा क्रमांक असतो, कुठपर्यंत खेळलात ते त्यावर नोंदलं जातं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. त्याने कोडी किती सोडवली? तीन. मी एकही नाही.

डिचोली, निवृत्त शिक्षक

हे सगळं वाचून मजा वाटली. मी विमानात एकदाच बसलो आहे, तेही दिल्लीला. पण शोधखेळ मी दर चवथीला खेळलो.

चतुर्थीच्या आधी दोन दिवस आजोबा आम्हा पोरांना रानात न्यायचे, माटोळीचं सामान आणायला. बाहेरच्यांसाठी सांगतो, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात. यादी कागदावर नसायची, आजोबांच्या तोंडी: कांगलं, माटुळ, घागऱ्या, करमळ, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा कातरो, कवंडळ. एकेका पोराला एकेक नाव वाटून द्यायचे आणि स्वतः दगडावर बसून पान जमवायचे.

मला एका वर्षी कवंडळ आलं. तांबडंलाल फळ, वेल झाडावर उंच चढलेली, पाऊस ठिबकतोय, पायाला जळवा. मी ओहोळाच्या या बाजूला शोधून दमलो. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "काल खंय पावस चड पडलो?" म्हणजे, काल पाऊस जास्त कुठे पडला? बस, एवढंच. मी चिडून रडायला आलो. मग लक्षात आलं की आदल्या रात्रीच्या पावसाने फांदी मोडली असेल तर वेल खाली आली असणार. वरच्या अंगाला ऐनाची एक फांदी पडली होती, तिच्यावर पाच कवंडळं. आणून दिल्यावर त्यांनी फक्त एवढं विचारलं, "तोंडात घातलं नाहीस ना?" ते फळ विषारी असतं.

आता बाजारात माटोळीचं सगळं सामान मिळतं. म्हापशात, डिचोलीत, फोंड्यात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मीही गेली काही वर्षं तिथूनच आणतो, गुडघे दुखतात. नातवाला मात्र तीन वस्तू रानातून आणायला सांगतो. यंदा तो फोनवर झाडाचा फोटो काढून नाव शोधत होता. मी ओरडणार होतो, पण नाव बरोबर निघालं.

फोंडा (धागा मीच काढला)

मास्तर, "काल खंय पावस चड पडलो" हे मर्लिनपेक्षा भारी आहे. भाचीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: जळू निघते कशी?

पणजी

मीठ लावा म्हणावं तिला.

आमच्याकडे विमानाचा खर्च नाही म्हणून मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला मीच शोधखेळ रचला, माळा-फोंतेन्याशच्या गल्ल्यांत. पाच मुलं, सात चिठ्ठ्या. चिठ्ठ्या ओळखीच्या घरांत आणि एका बेकरीत ठेवल्या होत्या. फोंतेन्याशमध्ये रस्त्यांची नावं निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेली आहेत, म्हणून तिसरी चिठ्ठी होती: "नावाऐवजी तारीख असलेल्या रस्त्यावर जा." उत्तर अगदी सोपं, ३१ जानेवारी रस्ता. मुलं जवळजवळ त्याच्यावरच उभी होती.

एक मुलगा ओरडला, "अठरा जून!" आणि पाचही जणं पळत सुटली. पणजीत तारखेचे दोन रस्ते आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी "अरे थांबा" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवरा मला चिमटे काढतोय. चर्चच्या बाजूने, भर उन्हात, मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन. १८ जून रस्त्यावर अर्थातच चिठ्ठी नव्हती. त्यांनी दुकानांच्या पायऱ्या बघितल्या, एका रखवालदाराला विचारलं. तो गृहस्थ वयस्कर. त्याने चिठ्ठी वाचली आणि त्यांना फुटपाथवर उभं करून १९४६ चा १८ जून सांगितला, लोहिया मडगावला सभेत बोलायला उभे राहिले आणि पोलिसांनी धरलं तो दिवस. मग म्हणाला, "पण दुसरी पण तारीख आसा मगो पणजेंत."

परत आली तेव्हा घामाने निथळत होती. ३१ जानेवारी कशाची हे त्यांनी मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं: १८९१, पोर्तुगालात पोर्तु शहरात राजाविरुद्ध झालेला उठाव. आमच्या रस्त्याला अजून त्याचं नाव. सातव्या चिठ्ठीपर्यंत केक वितळला होता.

पर्वरी, वय १३

आईने लिहायला सांगितलं. मी त्या पाचातला आहे. १८ जून मीच ओरडलो होतो. आमची चूक नव्हती, चिठ्ठीत कुठली तारीख ते लिहिलं नव्हतं. आणि केक वितळला नव्हता, काकूने तो गाडीत ठेवला होता.