चर्चा: पेशंटशी बोलता येतं, हे लॉगबुकातली सही सांगणार का?

सोलापूरच्या पूर्व भागातला, एमबीबीएस अंतिम वर्ष
मी अशोक चौकात वाढलो. घरी तेलुगू, शाळेत मराठी. सोलापुरात एकाच वॉर्डात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे पेशंट असतात, हे इथल्यांना सांगायला नको. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला, म्हणजे प्रत्यक्ष काय करता येतं ते बघणारा. 'एटकॉम' आलं, म्हणजे पेशंटशी वागणं-बोलणं आणि नीतिमत्ता हेही शिकवायचं, तपासायचं. पण माझ्या लॉगबुकात, म्हणजे शिकलेल्या कामांच्या नोंदवहीत, 'संवाद' रकान्यावर शिक्षकांची सही झाली ती केबिनमध्ये. मला पेशंटशी बोलताना कुणी पाहिलंच नव्हतं. कॉलेजचं नाव घेत नाही. माझं म्हणणं: पाहिल्याशिवाय सही नको, आणि पेशंटच्या भाषेत हिस्ट्री घेण्याला, म्हणजे आजाराची माहिती विचारून घेण्याला, मार्क हवेत.

निवृत्त प्राध्यापक, मेडिसिन
सहीचं पटलं, मार्कांचं अजिबात नाही. सरकारी कॉलेजात 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. राजस्थानातून आलेल्या मुलीने तेलुगू येत नाही म्हणून मागे पडायचं? बाहेरून आलेल्या परीक्षकाला तरी कुठे कळणार? केस पेपर, रेफरलची चिठ्ठी इंग्रजीत असते. परीक्षेला सगळ्यांना एकच माप लागतं.

पूर्व भागातला
सर, केस इंग्रजीतच मांडू दे. पण आजी 'गुंडेलो नोप्पी' म्हणतात, तेव्हा ती छातीतली कळ आहे हे कळलं नाही, तर मांडणार काय? भाषा येत नसेल तर दुभाष्या कसा वापरला, ते बघा. नातेवाइकाला विचारून आजीकडे पाठ फिरवली का, समजलेलं परत सांगून खात्री केली का, हे परीक्षकाला तेलुगू न येताही दिसतं.

वॉर्डातली सिस्टर
खरं आहे. दिवसातून कितीदा तरी मला नाहीतर मावशींना हाक येते, "जरा विचारा ना." मावशी बिचाऱ्या फरशी पुसता पुसता सांगतात. बाई माणसाची पाळीची तक्रार सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने विचारली जाते. ते त्या बाईला किती लागतं, हे मी रोज बघते.

एक पालक, होटगी रोड
माझा विरोध आहे, आणि तो भीतीपोटी आहे. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायचं तर इंटर्नलला थिअरी-प्रॅक्टिकल मिळून 50 टक्के लागतात, आणि प्रत्येकात किमान 40. ते कॉलेजच्याच हातात. त्यात 'बोलणं कसं वाटलं' याचे मार्क घातले, तर मनातून उतरलेल्या पोराचं काय? लेखी पेपरच्या मार्कांची बेरीज निदान पुन्हा तपासून मागता येते.

निवृत्त प्राध्यापक
पालकांचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे. मी म्हणेन, बेडजवळ उभं राहून बघावं, चुका तिथेच सांगाव्यात, महिन्याने पुन्हा बघावं. मार्क नकोत.

पूर्व भागातला
मार्क नसलेली गोष्ट परीक्षेच्या तोंडावर कुणी करत नाही सर, आम्हीही नाही. भीती खरी आहे, म्हणून दोन शिक्षकांनी वेगवेगळे मार्क द्यावेत, कशाला किती ते आधी छापून द्यावं, आणि कमी पडले तर कारण लेखी मिळावं. पण बघायला शिक्षक वॉर्डात यावाच लागेल. त्यावर मी मागे हटणार नाही.

एक पालक, होटगी रोड
कारण लेखी मिळणार असेल, तर माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा तो कागद हातात पडल्यावर बघू.