मदत हवी आहे : पद्मिनीला नवं इंजिन, सिग्नलला काटा चढतोय

नमस्कार मंडळी. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीत मागच्या आठवड्यात दुसरं 1089 सीसीचं इंजिन बसवलं, रिबोअर केलेलं (म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडे मोठे केलेलं). काल पहाटे नागपूरहून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेऊन आणली. 50 च्या वेगाला काय गोड चालते! बाबा शेजारी बसून नुसता आवाज ऐकत होते. पण परतताना अजनी चौकात सिग्नलला थांबलो आणि तापमानाचा काटा झरझर वर. गाडी निघाली की खाली. पाणी गळत नाही, फॅन बेल्ट नवा, ऑइलच्या काडीवर पांढरा फेसही नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं दिसत नाही. रेडिएटर मात्र जुनाच. इंजिन अजून घट्ट आहे म्हणून होतंय, की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) चुकलंय? उन्हाळा तोंडावर आलाय. रेडिएटरचं काम मन लावून करणारा जुना मिस्त्री कुणी सांगाल का?