अनुभव धागा: विंडोज बदलण्याआधी आणि नंतर बॅकअप कसा घेतलात?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दाणाबाजारात अजून कितीतरी काउंटरवर तेच चालू आहे. जे ११ वर गेले त्यांनी कृपया लिहा, चुकलं तेही लिहा. मी डाळ मिलचे हिशेब बघतो. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि आधी घरच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून पाहिला. मार्चची शेवटची नोंद दिसली, तेव्हाच मिलच्या मशीनला हात लावला.

अमळनेर, डीटीपी
ऐन लग्नसराईत फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं. पत्रिकांच्या फाइली दोन ठिकाणी ठेवल्या होत्या, पण फॉन्ट राहिले सी ड्राइव्हमध्ये. पत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणा! आपले जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. मराठी अक्षर इंग्रजी कळीच्या जागी बसवलेलं असतं, म्हणून फॉन्ट गेला की मजकूर वाचताच येत नाही. नवरीचे आजोबा समोर बसलेले. "आते कसं व्हई?" एवढंच म्हणाले. माळ्यावर फॉन्टची जुनी सीडी सापडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. त्यांना सकाळी सातला पत्रिका दिली, पण तो चेहरा विसरत नाही. आता फॉन्टचं फोल्डर आणि की-बोर्डचा लेआउट सगळ्यात आधी कॉपी करते.

रावेर, केळी व्यापार
माझी चूक नंतरची. बॅकअप आहे म्हणून अपग्रेड करताना 'काहीच ठेवू नका' निवडलं, फाइली परत आणल्या आणि त्याच डिस्कवर जुन्या बॅकअपच्या जागी नवा घेतला. पाच दिवसांनी कळलं, डाउनलोड्समधल्या गाड्यांच्या पावत्या परत आणायच्याच राहिल्या. जुनी प्रत मीच पुसलेली. जुन्या विंडोजच्या फाइली ठेवणारं विंडोज.ओल्ड फोल्डर साधारण दहा दिवस राहतं, त्यात मिळाल्या. आता अपग्रेडआधीची डिस्क वेगळी, महिनाभर तिला हात लावत नाही.

नंदुरबार, शिक्षक
बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवली होती. अपग्रेडनंतर पहिल्याच स्टार्टला मशीनने तीच मागितली.

भुसावळ
मी उबुंटूवाला, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स वापरणारा. टाइमशिफ्टवर (लिनक्समधलं सिस्टिमचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) विसंबणाऱ्यांनी एक बघा, ते मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर, म्हणजे आपल्या स्वतःच्या फाइली, घेत नाही. होम वेगळं कॉपी केलं. लाइट जाण्याच्या भीतीने यूपीएसची बॅटरीही आदल्या दिवशी बदलली.

अमळनेर, डीटीपी
रावेरवाले दादा, डिस्कवर तारीख लिहिता का? आमच्याकडे दोन्ही काळ्या, एकसारख्या.

रावेर, केळी व्यापार
हो ताई, पांढरी पट्टी लावून मार्करने. 'आधीची' आणि 'नंतरची'.