जुन्या महिंद्रा ५४० जीपला सीआरडीई (कॉम्प्युटरवर चालणारं नवीन पद्धतीचं डिझेल) इंजिन बसवायचं की मूळचंच नव्यासारखं बनवून घ्यायचं?

घाटवेडा_सातारा
आमच्याकडे वडिलांची महिंद्रा एमएम ५४० आहे, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल. आता ऑइल खायला लागलीये, निळा धूर, सकाळी चालू करताना इंजिनचा हीटर दोन-तीनदा द्यावा लागतो, मिस्त्री म्हणतो कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन उतरवावंच लागेल. उतरवायचंच आहे तर तेच ६२ हॉर्सपॉवरचं परत का बसवायचं? माझं म्हणणं, थारमध्ये यायचं ते २४९८ सीसी सीआरडीई घ्यावं, १०५ हॉर्सपॉवर आणि २४७ एनएम, पण भंगारातून उचलून तसंच नाही, पूर्ण खोलून, बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, इंजेक्टर टेस्ट, टर्बो नवा, असं बनवून. वरंधा घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरला ट्रकच्या मागे चढणं आणि मागून एसटीचा हॉर्न, ह्यात मला सुरक्षित वाटत नाही. मतं सांगा, विरोधात असलात तरी सांगा.

पाना_बारा_तेरा
विरोधातच आहे. ५४० ची सगळी ताकद ही की रस्त्यात कुठेही बंद पडली तरी गावातला मिस्त्री डिझेलची हवा काढून चालू करून देतो. मेकॅनिकल पंप आहे, इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. सीआरडीई म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, अख्खं वायरिंग, एक कनेक्टर ओला झाला की पावसात घाटात उभे. शिवाय टॉर्क जवळजवळ दुप्पट होणार, तो जुना गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) किती दिवस टिकतील? आणि ब्रेक? चारही चाकांना ड्रम आहेत हो. चढताना ट्रकला ओव्हरटेक कराल, उतरताना काय?

घाटवेडा_सातारा
गिअरबॉक्स इंजिनसोबतचाच घेणार, आणि पुढे थारसारखे डिस्क ब्रेक करणार.

पाना_बारा_तेरा
थार सीआरडीईला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक वेगळं हलतं), तुमच्या गाडीला स्प्रिंगचे पट्टे आणि सलग अ‍ॅक्सल, त्यामुळे ते डिस्क सरळ बसत नाहीत, वेगळे ब्रॅकेट करून घ्यावे लागतात. मग इंजिनचं फाउंडेशन कापा, रेडिएटर मोठा, इंटरकूलरला (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीला) जागा, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदला. इंजिनच्या नावाखाली अर्धी गाडी नवीन करताय, तेवढ्यात मूळचं इंजिन लायनर-पिस्टनसकट उत्तम बनून पैसे उरतील.

चाकोरीबाहेर
काका, गाडी जपणं म्हणजे ती होती तशीच ठेवणं असं नाही ना. पंजाब-हरियाणात डबवाली, मोगा तिकडे वर्षानुवर्षं जीपला वेगळी इंजिनं बसतायत आणि चालतायत. रोज वापरायची असेल तर ती आजच्या रस्त्यावर आजच्या वेगाने चालली पाहिजे, नाहीतर शेडमध्येच राहते. माझा पूर्ण पाठिंबा, फक्त ब्रेक इंजिनच्या आधी.

कागदं_तपासा
चालतायत म्हणजे कायदेशीर आहेत असं नाही, आणि इथे अजून कोणी आरसीचं बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलंय. कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या वरची, म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी, इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर बघणार. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर आधी अर्ज करून नवा नंबर चढवून घ्यायचा मार्ग आहे. सीसी, ताकद सगळंच वेगळं असलेलं इंजिन हा वेगळा विषय. आणि उद्या अपघातात समोरच्या माणसाला लागलं आणि विमा कंपनीने इंजिन नंबर जुळत नाही म्हणून हात वर केले तर ती भरपाई घर विकून द्यावी लागेल. मला ह्याचीच जास्त काळजी वाटते, दंडाची नाही.

सॅन_होजेकर
इकडे कॅलिफोर्नियात इंजिन बदलायला बंदी नाही, पण बसवलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं, त्याची प्रदूषणाची सगळी उपकरणं सोबत हवीत, आणि सरकारी रेफरी तपासून लेबल लावतो. असा सरळ रस्ता आपल्याकडेही पाहिजे, मग लोक लपूनछपून करणार नाहीत. तोवर मात्र मीही कागदवाल्यांच्याच बाजूने.

उद्यमनगरचा
कोल्हापूरला मशीन शॉपमध्ये काम करतो म्हणून थोडं कामाचं बोलतो. कुठलंही इंजिन घ्या, पण ‘बनवलेलं’ म्हणून जे देतात त्यातलं बरंच धुऊन, गॅस्केट-रिंगा बदलून, रंग मारलेलं असतं. नीट बनवायचं म्हणजे ब्लॉक आणि हेड क्रॅकसाठी तपासायचं, बोअरचा वर, मध्ये, खाली तिन्हीकडे माप घ्यायचं, क्रँकचे जर्नल मोजून ग्राइंड केले तर किती अंडरसाईज बेअरिंग टाकलं ते लिहायचं, पंप बेंचवर कॅलिब्रेट करायचा. ही मापं कागदावर मागा. जो देत नाही त्याच्याकडून इंजिन घेऊ नका, वॉरंटी कितीही सांगू दे. आणि प्यूजोवाल्याला एवढं सगळं केलंत ना, तर तुमचं २११२ आत्ता ओढतंय त्यापेक्षा कितीतरी चांगलं ओढेल, कारण आत्ता तुम्ही ६२ हॉर्सपॉवर चालवतच नाही आहात, त्यातली किती उरलीये कोणास ठाऊक.

चाकोरीबाहेर
मग मधला मार्ग, महिंद्राचंच २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल? मेकॅनिकल पंप, स्पेअर गल्लोगल्ली.

पाना_बारा_तेरा
पॉवर जवळपास तेवढीच, खालचा टॉर्क बरा, थरथर जास्त. आणि सीसी बदललंच, म्हणजे आरटीओचा प्रश्न तिथेच.

घाटवेडा_सातारा
उद्यमनगरवाल्या भाऊंचा मुद्दा पटला, आधी कॉम्प्रेशन मोजून घेतो म्हणजे किती गेलंय ते तरी कळेल. पण सीआरडीईचा विचार सोडलेला नाही, आरटीओत लेखी अर्ज करून विचारणार, नाही म्हणाले तर नाही.

कागदं_तपासा
उत्तरही लेखीच घ्या, काउंटरवरच्या ‘होऊन जाईल’वर इंजिन उतरवू नका.