लातूरचा डॉक्टर पॅरिसला जाऊन नेमकं काय आणतो?

मांजराकाठ (फिजिशियन, लातूर जिल्हा)

सकाळी ओपीडीच्या आधी मेल उघडली. दुबईत दंतवैद्यक आणि नॅनोटेक्नॉलॉजीची जागतिक परिषद भरणार आहे आणि तिथं मी 'मानद वक्ता' म्हणून यावं, अशी नम्र विनंती. कारण काय, तर 'या क्षेत्रातील आपले अतुलनीय योगदान'. माझं योगदान म्हणजे बावीस वर्षं शुगर, बीपी, डेंग्यू आणि पावसाळ्यात साप चावलेले पेशंट. दातांशी माझा संबंध सुपारीपुरता. खाली बारीक अक्षरात वक्त्यानंच भरायची फी, डॉलरमध्ये.

हसून सोडून दिलं असतं, पण दहा वर्षांपूर्वी अशाच एका मेलला मी भुललो होतो. बँकॉकच्या हॉटेलातला हॉल. चाळीस खुर्च्या, माणसं अकरा, त्यातले दोघं चहावाले. माझं भाषण संपल्यावर टाळ्या वाजवणारा जो एकटा होता, तो पुढचा वक्ता. संयोजकानं कानात विचारलं, "सर, पुढच्या सत्राचं अध्यक्षपद घेता का?" विषय होता मूत्रपिंड प्रत्यारोपण. घेतलं की! सर्टिफिकेट आधीच छापून ठेवलेलं होतं, माझ्या आडनावात एक अक्षर चुकवून. ते आजही कपाटात आहे, भिंतीवर लावायची लाज वाटते.

तर माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी परिषदा हा आपल्यासारख्यांसाठी सहलीचा प्रकार आहे. नोंदणी चालू ठेवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट (भाषणं-शिबिरांना बसल्याचे गुण) लागतात, ते रविवारी आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, हॉलमध्ये बसून होतात आणि दुपारी माणूस घरी जेवायला येतो. नवं ज्ञान म्हणाल तर कोविडमध्ये खरोखर जीव वाचवणारं डेक्सामेथासोन ऑक्सफर्डवाल्यांनी १६ जून २०२० ला नुसती प्रेसनोट काढून जाहीर केलं. ना व्यासपीठ, ना लंच. त्याच आठवड्यात मी ते इथं पेशंटना लिहून द्यायला लागलो. आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर? महाडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्री काढल्या आणि १९८२ मध्ये थेट 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पुढं विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधाचं काम जगानं मान्य केलं ते छापून आलं म्हणून. गळ्यात बिल्ला अडकवून कुठं फिरावं लागलं नाही.

कोणाला पटत नसेल तर सांगा.

थर्ड_इयर (निवासी डॉक्टर)

सर, तुम्ही गेलात ती कुठली मला माहीत नाही, पण दुकान आणि परिषद यात फरक करा ना. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला अमेरिकेतल्या कोर्टानं २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून जास्त दंड सुनावला. नामांकित संशोधकांची नावं त्यांना न विचारता परिषदेच्या जाहिरातीत घातली, हाही त्यातला एक आरोप होता. अशा दुकानावरून सगळ्या परिषदा मोजायच्या म्हणजे बनावट खव्याचा पेढा खाऊन दुधावर राग काढल्यासारखं झालं.

गोदातीर (स्त्रीरोगतज्ज्ञ, नांदेड)

मला पटत नाही. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला फिगोची जागतिक परिषद होती, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची. स्वतःच्या पैशानं गेले. व्हिसासाठी देवगिरी एक्स्प्रेसनं दोनदा मुंबई केली, दुसऱ्यांदा फक्त फोटोची साइज चुकली म्हणून. घरचे म्हणाले एवढ्यात स्कॅनचा नवा प्रोब आला असता. खरंय, आला असता.

तिथं ई-मोटिव्ह नावाच्या अभ्यासाच्या मंडळींना ऐकलं. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका, ८० दवाखाने, दोन लाखांहून जास्त बाळंतिणी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि मग मालिश, गर्भाशय आकसायचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन, तपासणी हे एकामागून एक न करता सगळं एकदम सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव आणि त्यापायी होणारी ऑपरेशनं, मृत्यू हे सगळं धरून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. पेपर मी मे महिन्यातच वाचला होता. वाचला आणि खाली ठेवला, कारण त्यात मला नवं औषध एकही दिसलं नव्हतं.

सत्र संपल्यावर बाहेर एका टेबलावर त्या अभ्यासातली रक्त मोजायची पिशवी ठेवली होती. पारदर्शक प्लॅस्टिक, बाईच्या खाली सरकवायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती, अंगावर मिलीलिटरच्या खुणा. ३०० आणि ५०० ला ठळक रेघ. एका नायजेरियन सुईणीनं तिच्यात लाल पाणी ओतून विचारलं, सांगा किती. मी म्हटलं अडीचशे. साडेचारशे होतं! वीस वर्षं मी "चादर भिजली, तीनेकशे असेल" असं म्हणत आले आहे. किती वेळा चुकले असेन, याचा हिशोब हॉटेलवर रात्रभर चालला होता. पेपरनं मला तसं जागं ठेवलं नव्हतं.

मांजराकाठ

मॅडम, मनापासून लिहिलंत. पण एक सांगू का, रागावू नका. ती पिशवी बेळगावची आहे.

तिथल्या जे. एन. मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर खेड्यातल्या बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव टाळणाऱ्या गोळीचा अभ्यास केला, १६२० बायका, 'लॅन्सेट', २००६. रक्त मोजायला खुणांची पिशवी त्यांनी तेव्हाच वापरली होती आणि ती त्या अभ्यासासाठीच घडवलेली होती. घरात सुईण किंवा नर्स बाळंतपण करतेय, कंदील आहे, मोजायचं कसं, यातून निघालेली वस्तू ती. नांदेडहून बेळगाव म्हणजे एका रात्रीची बस. तुम्ही दोनदा मुंबई करून, समुद्र ओलांडून शेजारणीच्या घरचं विरजण आणलंत.

बॅगवाला

😀 विरजण!

गोदातीर

रागावत नाही. उलट तुम्ही माझंच काम केलंत. २००६ ते २०२३, सतरा वर्षं ती पिशवी बेळगावहून नांदेडला का आली नाही, सांगा. बस तर रोज होती. तुमच्या आयएमए हॉलच्या एकाही रविवारी तिचं नाव निघालं का? रविवारी कोण बोलतं, कोणत्या गोळीवर बोलतं आणि जेवण कोणाचं असतं, तेही लिहा की सर. जिच्यामागं कुठली कंपनी नाही अशा प्लॅस्टिकच्या पिशवीवर बोलायला मी तरी आजवर कोणाला उभं राहिलेलं पाहिलं नाही.

बॅगवाला (एमआर म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर, १८ वर्षं)

जेवणाचं मी सांगतो, वाढायला मीच असतो.

दोन्ही बाजूंनी थोडं भाबडं चाललंय. आमच्या उमेदीत 'टूर' असायची. कोणाच्या चिठ्ठीवर किती माल निघतो त्याची यादी वर जायची आणि यादीतून परिषदेची तिकिटं खाली यायची, वहिनींसकट. २००९ ला मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं डॉक्टरांना हे घ्यायला बंदी केली. घेणाऱ्याला बंदी, देणाऱ्याला नाही, म्हणून चाललं आणखी काही वर्षं. मग फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं एपेक्स लॅबोरेटरीजच्या निकालात सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींवर कंपनीला आयकराची वजावट मागता येणार नाही. ते खरं दुखलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राची नवी संहिता आली, प्रवास-हॉटेल बंद, कंपन्यांनी असे कार्यक्रम परदेशात घ्यायचे नाहीत.

एक फट राहिली. वक्ता असाल तर चालतं. तेव्हापासून आमच्या भागात वक्ते फार वाढलेत. बोलायला लाजणारे सर पण बोलायलेत आता.

स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या गोदातीर मॅडमसारख्यांना माझा नमस्कार. पण मॅडम, अठरा वर्षांत असे मी बोटावर मोजलेत, आणि दुसऱ्या हाताची गरज पडलेली नाही.

थर्ड_इयर

माझा एक अनुभव. मागच्या वर्षी एका परिषदेत पोस्टर लागलं, परदेशात, तरुणांसाठीच्या अनुदानातून. माझ्या पोस्टरसमोर दिवसभरात चार माणसं थांबली, त्यात एक पाण्याची बाटली ठेवायला जागा शोधत होता. पण जेवणाच्या रांगेत पुढं एक केनियाची डॉक्टर होती. कुठला विचारलं. महाराष्ट्र म्हटलं, कळलं नाही. जिल्हा उस्मानाबाद म्हटलं, तर ताट हातात धरून वळलीच. "दॅट उस्मानाबाद?"

मी धाराशिवचा. आमच्या जिल्ह्याचं नाव तिनं एमडी करताना अभ्यासलं होतं आणि मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. खोलीवर जाऊन शोधलं. ५२ गावगटांमधल्या १,३१,७४६ बायका, वय ३० ते ५९. मुंबईचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आयएआरसी ही कॅन्सर संशोधन संस्था यांचा अभ्यास, २००९ ला 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेला. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. आता जागतिक आरोग्य संघटना ही तपासणी पहिली करा म्हणते, तर त्यामागच्या पुराव्यात आमच्या मावश्या-काकू आहेत.

त्या डॉक्टरचा पुढचा प्रश्न होता, "तुलनेच्या गटातल्या बायकांना काय दिलं?" नेहमीची सेवा. म्हणजे खेड्यात त्या काळी जवळजवळ काही नाही. यावर पुढं बराच वाद झालाय हेही मला तिच्याकडूनच कळलं. मला गावात हे कोणी सांगितलं नाही, कॉलेजातही नाही. रांगेत कळलं, डाळ-भातासारखं काहीतरी वाढून घेताना.

उसाचा_फड (वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा)

गोष्ट छान आहे रे. आता शेवट ऐक. त्या १,३१,७४६ बायकांनी जगाला उत्तर दिलं. ते उत्तर जिनिव्हाला गेलं, पॅरिसला गेलं, नैरोबीला गेलं. माझ्या केंद्रात काय आहे? अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून बघणं, तेही आठवड्यातून एक दिवस, बॅटरी चालू असेल तर. तुलनेच्या गटातच बसलोय म्हण.

आणि दुसरं. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय निघाला, सरकारची समिती बसली. ८२,३०९ बायकांची पाहणी, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. चाळिशीच्या आतल्या कितीतरी. पाळीमुळं कामात खाडा नको, मुकादमाचा दंड नको म्हणून. यातल्या बऱ्याच ऑपरेशनांवर सही करणारे आपल्याच डिग्रीचे लोक होते, आणि क्रेडिट त्यांचेही भरलेले असणार. परिषद लातूरला भरवा नाहीतर लिस्बनला, जो हे बोलणार नाही त्याच्या गळ्यातला बिल्ला मला सारखाच.

मांजराकाठ सर, बावस्करांचं उदाहरण मात्र पुन्हा देऊ नका. एका माणसानं हातानं विहीर खणली म्हणून गावाला नळ नको, असं होत नाही.

मांजराकाठ

नळाचं मान्य. विहिरीचं मागं घेतो.

अहमदपूरचा_पोरगा

मी डॉक्टर नाही. चुलतभावानं हे दाखवलं म्हणून लिहायलो.

दोन वर्षांमागं बापाच्या छातीत दुखायलं. रात्री गाडी करून शहरात आणलं. सत्तर किलोमीटर, निम्मा रस्ता उखडलेला. ज्या सरांकडं बाप दहा वर्षं दाखवतो त्यांच्या दारावर कागद चिकटवलेला. सर परदेशी परिषदेसाठी गेले आहेत, २१ तारखेपर्यंत. दुसऱ्या दवाखान्यात नेलं, वाचला, आज शेतात जातो. सरांचा दोष काढत नाही, माणूस हाय, जाईल कुठं तरी. पण आल्यावर भिंतीला फ्रेम लागली आणि फी शंभरानं वाढली. मी बाकावर बसून ती फ्रेम रोज वाचतो. इंग्रजीत हाय. त्यात माझ्या बापाचं काय लिहिलंय तेवढं कोणीतरी सांगा.

गोदातीर

दादा, त्यांनी कागद लावण्याऐवजी बदली डॉक्टरची सोय करून जायला हवं होतं. मी जाताना मैत्रिणीला बसवून गेले होते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही.

रात्रपाळी (स्टाफ नर्स, अंबाजोगाई परिसर)

सगळं वाचलं. धाग्यात डॉक्टर, एमआर, पेशंटचा मुलगा आले. एक विचारू? परिषद 'आरोग्य व्यावसायिकांची' असते म्हणतात, त्यात आम्ही बसतो का? नर्सेसची जागतिक परिषद २०२५ ला हेलसिंकीला झाली. आमच्या वॉर्डातून तिकडं जाणं सोडा, जिल्ह्याच्या ट्रेनिंगला सोडायचं म्हटलं तरी ड्युटी कोण करणार यावर दोन दिवस भांडण.

मॅडम, ती पिशवी बाईच्या खाली सरकवणार कोण? रेघ ओलांडली हे आधी कोणाला दिसणार? रात्री तीनला तुम्ही घरून निघून येईपर्यंत दहा मिनिटं आमचीच असतात. लाल पाणी ओतून दाखवणारी सुईण होती असं तुम्हीच लिहिलंय. तर पॅरिसहून आल्यावर तुम्ही ती तुमच्या सिस्टरना कधी दाखवली? खरं सांगा.

गोदातीर

खरं सांगते. दोन महिन्यांनी. तोवर सूटकेसमधून कपाटात आणि कपाटात साड्यांच्या खाली. आधी मी डॉक्टरांच्या बैठकीत स्लाइड दाखवल्या, फोटो काढून घेतले. मग एका रात्री एकीला जोरात रक्तस्राव झाला, आमच्या सिस्टरनंच "मॅडम, हे पाचशेच्या वर गेलंय" म्हणून सांगितलं, नुसत्या डोळ्यांनी, आणि ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी पिशवी काढून दिली.

रात्रपाळी

आमच्याकडं अजून ट्रे आणि चादर. अंदाजपंचे. कुठं मिळते ती?

गोदातीर

मी बरोबर दहा आणल्या होत्या, सहा शिल्लक आहेत. एकदाच वापरायच्या आहेत, तेव्हा शिकायलाच येतील. रविवारी माहेरी येतेय अंबाजोगाईला. योगेश्वरीच्या देवळापाशी अकरा वाजता चालेल? येताना तुमच्या दोघी-तिघींना घेऊन या, लाल पाणी मी आणते.

रात्रपाळी

साडेअकरा करा. नाइट संपवून, पोरांचे डबे करून येते.

मांजराकाठ

लातूरहून मीही येऊ का? बाळंतपणाशी संबंध नाही माझा, पण मूत्रपिंड प्रत्यारोपणाचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस आहे. क्रेडिट किती मिळतील?

बॅगवाला

एकही नाही. आणि सर, चहाचे पैसे आपापले.