पेपरवेटमध्ये १८४८ हे साल आहे. ते खरोखर तेवढे जुने असेल का?

सांजवात
नमस्कार. मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहते आणि गेली तीन वर्षे रविवारच्या जुन्या बाजारांतून काचेची सुशोभित पेपरवेट जमवते आहे. मागच्या महिन्यात ६० पौंडांना एक घेतले. त्याचा व्यास ८ सेंटिमीटर आणि उंची साडेपाच सेंटिमीटर आहे. आत पांढऱ्या, निळ्या आणि गुलाबी रंगांच्या बारीक फुलांची एकात एक अशी पाच वर्तुळे असून बाहेरून दुसऱ्या वर्तुळात शेजारीशेजारी चार पांढऱ्या ठिपक्यांवर १, ८, ४, ८ असे आकडे दिसतात. विक्रेत्याने ते फ्रान्समधल्या बाक्कारा कारखान्याचे म्हणून दिले. दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाने ते लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याचे असावे असे सांगितले. दोघांनीही साल आतच लिहिलेले आहे याकडे बोट दाखवले. हे साल कितपत ग्राह्य धरावे? आणि घुमटावर तांदळाच्या दाण्याएवढा एक टवका उडालेला आहे, तो घासून काढावा का?

काचकमल
सांजवातताई, आधी टवक्याचे सांगतो, कारण तिथे घाई झाली तर ती परत फिरवता येत नाही. कृपया घासू नका. घासताना घुमटाची काच कमी होते, आतली फुले पृष्ठभागाच्या जवळ येतात आणि भिंगासारखी मोठी दिसण्याचा जो परिणाम त्या घुमटामुळे मिळतो तोच बिघडतो. पेपरवेट कोणाचे आहे हे नक्की होईपर्यंत टवका आहे तसाच राहू द्या.

आता सालाबद्दल. व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्या यांनी १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात मिलेफिओरी, म्हणजे अशा बारीक काचफुलांची, पेपरवेट मांडली, आणि त्याच वर्षापासून सां-लुई, पाठोपाठ बाक्कारा या फ्रेंच कारखान्यांची सालाची पेपरवेट मिळतात. बाक्काराच्या अस्सल नगांवर प्रामुख्याने १८४६ ते १८४९ ही साले आढळतात आणि आकड्यांच्या जोडीला बहुधा ‘बी’ हे अक्षर असते. सां-लुईच्या नगांवर ‘एसएल’ असते. तिसरा मोठा कारखाना क्लिशीचा, पण तो सालापेक्षा आपल्या कांडीतल्या (ज्या बारीक काचसळीच्या चकत्या फुले म्हणून आत बसवतात, तिच्यातल्या) छोट्या गुलाबावरून ओळखला जातो. आपल्या नगात ‘बी’ नाही, ही तो बाक्काराचा नसल्याची पहिली खूण.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अशा एककेंद्री वर्तुळांच्या, १८४८ साल असलेल्या इंग्लिश पेपरवेटना आणि त्याच घडणीच्या दौतींना कितीतरी वर्षे व्हाइटफ्रायर्सचे मानले गेले. पुढे अभ्यासकांनी कांड्यांचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा हा माल बर्मिंगहॅमच्या आर्क्युलस आणि वॉल्श-वॉल्श या कारखान्यांकडे, म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे जातो असे स्पष्ट झाले. आकडा हीदेखील एक कांडीच असते: रंगीत काचेचे थर साच्यातून देऊन तो गोळा मीटरभर, दोन मीटर ओढत पेन्सिलीएवढा बारीक करायचा आणि गार झाल्यावर चकत्या कापायच्या. ज्याला ‘८’ ची कांडी ओढता येते त्याला कोणत्याही वर्षी १८४८ लिहिता येते. बाक्कारातच पुढे दुपाँ नावाच्या कारागिराने जुन्या सालांची पेपरवेट विसाव्या शतकात घडवली. म्हणून मी आकडा शेवटी वाचतो आणि तळ आधी पाहतो.

तळ उलटा करून दहापट भिंगातून पाहा. टेबलाला टेकणाऱ्या कडेवरच बारीक ओरखडे, सगळ्या दिशांना गेलेले, काही खोल आणि काही पुसट, असे असतील तर ते वापराचे आहेत. एकाच दिशेने समांतर गेलेल्या रेघा असतील, किंवा कडेच्या आतल्या खोलगट भागातही तितकेच ओरखडे असतील, तर कोणीतरी पॉलिश कागद फिरवला आहे.

काचेची जात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळते. प्रथम पेपरवेटचे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेले पातेले ठेवून काटा शून्यावर आणा, पेपरवेट कांद्याच्या जाळीत घालून दोरीने पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने मूळ वजनाला भागा. उत्तर २.५ च्या आसपास आले तर साधी सोडा-चुन्याची काच, म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानोचा किंवा चीनमधला माल असण्याचा संभव; ३ किंवा त्याहून अधिक आले तर शिसेयुक्त काच. पाणी खोलीच्या तापमानाचेच घ्या, एवढी जाड काच अचानक तापली तर तडकते.

मिशिगनकाठ
मी शिकागोत असतो. इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर रुब्लॉफ यांनी दिलेला पेपरवेटचा मोठा संग्रह आहे, आणि विस्कॉन्सिनमधल्या नीना गावातले बर्गस्ट्रॉम-मालर संग्रहालयही काही तासांच्या अंतरावर आहे. छायाचित्रांवरून कांड्या ओळखण्यापेक्षा दहा खरे नग काचेआडून निरखून पाहणे फार उपयोगी पडले. बाक्काराच्या कांड्यांत कोंबडा, हत्ती, माकड अशा छोट्या आकृत्या असतात. त्यांच्या कडा किती नेमक्या आहेत हे एकदा डोळ्यांत बसले की नंतरच्या नकला लगेच वेगळ्या पडतात.

करवंद
इथे थोडे वेगळे मत मांडतो. तीन फ्रेंच कारखान्यांच्या पलीकडेही जमवण्यासारखे पुष्कळ आहे आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. पॉल इझार्ट १९०४ मध्ये बार्सिलोनात जन्मले आणि स्कॉटलंडमध्ये काम करत राहिले. त्यांच्या अनेक नगांत ‘पीवाय’ अशी कांडी असते. तिथल्याच क्रीफ गावच्या पर्थशायर पेपरवेट्सचा कारखाना १९६८ ते २००२ एवढाच चालला, म्हणजे त्यांचा काळ ठरवायला वाद उरत नाही. ताईंना मिडलंड्समध्ये हा माल सहज दिसेल. माझी स्वतःची आवड याहूनही साधी आहे. आमच्या आजोबांच्या कचेरीत पंख्याखालच्या कागदांवर फिरोजाबादची बुडबुड्यांची पेपरवेट असत. गरम काचेला टोच्याने टोचून वर पुन्हा काच घेतली की आत हवा अडकते आणि पाकळीच्या मधोमध मोत्यासारखा बुडबुडा राहतो. यॉर्कशरमधली बाटलीच्या हिरव्या काचेची जुनी पेपरवेट मी पाहिली तेव्हा हीच रीत तिथेही ओळखू आली.

सांजवात
सगळ्यांचे आभार. काल मोजून पाहिले. वजन ६१२ ग्रॅम, पाण्यात बुडवल्यावर काट्यावर २०० ग्रॅम; भागाकार ३.०६. तळाच्या कडेवर ओरखडे सर्व दिशांना आहेत आणि आतला खोलगट भाग स्वच्छ आहे. ‘बी’ कुठेही नाही, हे भिंगाने तीनदा पाहिले.

काचकमल
मग काच शिसेयुक्त आहे आणि झीज खरी दिसते. म्हणजे चिनी नक्कल बाजूला पडली. ‘बी’ नसणे, पाच वर्तुळांची मांडणी आणि हे साल एकत्र घेतले तर मी बर्मिंगहॅमच म्हणेन. निश्चितीसाठी कांड्यांची जवळून छायाचित्रे घेऊन त्या दोन कारखान्यांच्या खात्रीच्या नगांशी ताडून पाहा, आणि वहीत ‘बाक्कारा’ खोडून ‘इंग्लिश, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध’ असे लिहा. एक सूचना राहिली होती: हे पेपरवेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. घुमट भिंगासारखा ऊन एकवटतो आणि पडदा किंवा कागद जळू शकतो.