पाटीवर काय रंगवायचं: 'आत्मनिर्भर' की 'स्वावलंबी'?

कोथरूडकर: बायकोच्या बचत गटाची नवी पाटी करायची आहे. निम्म्या जणींना 'आत्मनिर्भर' हवंय, बाकीच्यांना 'स्वावलंबी'. माझ्या मते पहिला शब्द मराठी नाहीच. १२ मे २०२० च्या पंतप्रधानांच्या भाषणानंतर तो घरोघरी शिरला. संस्कृतात 'निर्भर' म्हणजे काठोकाठ भरलेला. 'आनंदनिर्भर' म्हणतो ना, तसा. 'विसंबून' हा अर्थ हिंदी-बंगालीतला. म्हणजे मूळ अर्थाने आत्मनिर्भर कोण, तर स्वतःनेच ओसंडून वाहणारा! असे आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत, त्यासाठी गट कशाला?

खोडरबर: मग 'स्वावलंबी'चीही फोड करा की. लम्ब् म्हणजे लोंबणे. लंबक, लोंबकळणं त्याच कुळातलं. स्वावलंबी म्हणजे स्वतःलाच लोंबकळणारा. चालेल? शब्द धातूवर नाही, वापरावर जगतो. ऑक्सफर्डने २०२० चा हिंदी शब्द म्हणून 'आत्मनिर्भरता' निवडला, तो उगाच नाही.

कोथरूडकर: 'हिंदी शब्द' म्हणून निवडला. मी वेगळं काय म्हणतोय?

सातारी आजोबा: धातू राहू द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिचं वाक्य 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. मी 'कमवा आणि शिका'तला पोरगा. पहाटे उसाला दारं धरायची, तसंच वर्गात जाऊन बसायचं. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून तडकायचा, त्याची खपली काढता काढता बीजगणित. स्वावलंबी म्हटलं की मला तो चिखल आठवतो. दुसऱ्या शब्दाला सरकारी जाहिरातीचा वास येतो.

खोडरबर: आजोबा, तुमच्या चिखलाला नमस्कार. पण माझ्या आईची भाजीची गाडी लॉकडाऊनमध्ये बंद पडली होती. फेरीवाल्यांच्या 'आत्मनिर्भर निधी'तून १०,००० रुपये कर्ज मिळालं, हप्ते फेडून गाडी पुन्हा उभी राहिली. आमच्या घरात त्या शब्दाला कोथिंबिरीचा वास येतो. आणि 'स्वावलंबी' तिला शाळेच्या भिंतीवरचा सुविचार वाटतो.

सातारी आजोबा: बरं बाबा. पण आई स्वतःबद्दल बोलताना कोणता शब्द वापरते? खरं सांग.

खोडरबर: दोन्ही नाही. म्हणते, 'मी कुणाची मिंधी नाही.'

कोथरूडकर: हे गटात विचारून बघतो. पेंटर अक्षरामागे पैसे घेतो, तेवढी एक अडचण आहे.